गाइडेड इमेजरी अँड म्युझिक : एका उपचाराची कुळकथा

संगीताच्या साथीने मनातली चित्रे जागवणारी 'गाइडेड इमेजरी अँड म्युझिक' ही उपचारपद्धती १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, बाल्टिमोरजवळच्या मेरीलँड सायकियाट्रिक रिसर्च सेंटरमध्ये घडली. ती घडवणाऱ्या हेलन बॉनी मूळच्या व्हायोलिनवादक. पुढे त्या संगीतोपचाराकडे वळल्या.

या पद्धतीचे एक मूळ युरोपात आहे. फ्रान्समधला रोबेर दझ्वाय हा पेशाने इंजिनिअर. जागेपणीच स्वप्न पाहायला लावून मनाचा तळ धुंडाळण्याची रीत त्याने १९३८च्या पुस्तकात मांडली. जर्मनीत हान्सकार्ल लॉयनर यांनी १९५०च्या दशकात तिला शिस्त लावली. रुग्णाने ठरावीक दृश्ये क्रमाने मनात आणायची : आधी कुरण, मग ओढा, डोंगर, घर.

दुसरे मूळ थेट अमली द्रव्यात आहे. मेरीलँडच्या या केंद्राच्याच परिसरातल्या स्प्रिंग ग्रोव्ह या सरकारी मनोरुग्णालयात १९६३पासून दारूच्या व्यसनावर एलएसडीचे प्रयोग चालू होते. नशा सोडवायला नशाच, हे आज विचित्र वाटेल. पण एका तीव्र अनुभवाने माणूस आतून हलतो आणि दारूपासून दूर होतो, अशी तेव्हाची धारणा होती. पुढे तिथल्याच एका कर्मचारी महिलेला कर्करोग झाला. तिच्यावर हा उपचार झाला आणि त्यातून मरणपंथावरच्या रुग्णांची वेदना व भीती कमी करण्याचे प्रयोग सुरू झाले.

ही सत्रे दिवसभर चालत. डोळ्यांवर पट्टी, कानांवर हेडफोन. द्रव्याचा अंमल चढताना, शिखरावर आणि उतरताना कोणते संगीत लावायचे, हे ठरवण्याचे काम बॉनींकडे होते. त्यावर त्यांनी वॉल्टर पान्के यांच्यासह लिहिलेला लेख १९७२ साली प्रसिद्ध झाला. तोवर १९७०च्या कायद्याने एलएसडी सर्वांत कडक बंदीच्या यादीत गेले होते. बॉनींना मात्र दिसले होते, की शरीर नीट सैलावले तर द्रव्य न घेताही संगीत ऐकताना मनात चित्रे उमटतात. दिवसभराचा संगीतक्रम त्यांनी ३० ते ४५ मिनिटांवर आणला. साथीला ठेवलेले संगीतच आता मुख्य उपचार झाले. रुग्णाने पडून पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकायचे, दिसेल ते सांगायचे. मार्गदर्शकाने प्रश्न विचारत त्याच्यासोबत राहायचे.

व्यसनाच्या बाबतीत अशी चित्रे का उपयोगी पडावीत, याचे एक पटणारे उत्तर बरेच नंतर मिळाले. कॅव्हॅना, अँड्रेड आणि मे यांनी २००५ साली मांडले, की तलफ मुख्यतः चित्ररूपाने टिकते : भरलेला पेला, त्याचा वास, पहिला घोट. चित्रे धरून ठेवण्याची मनाची जागा मर्यादित असते. तिथे दुसरे जिवंत दृश्य आले, की तलफेचे चित्र फिकटते. परिणाम बहुधा अल्पकाळ टिकतो. वेदना कमी होण्यातही लक्ष दुसरीकडे वळणे आणि स्नायू सैलावणे यांचा वाटा मोठा असतो. म्हणून हा उपचार औषधांच्या जोडीने देतात. ज्यांना मुळातच भास होतात, त्यांच्यासाठी तो सहसा टाळतात.