शिरूर-दौंड परिसरातील चुनखडीचा वापर : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
शिरूर व दौंड हे तालुके दख्खनच्या बेसाल्ट पठारावर वसलेले आहेत. चुनखडकाचे मोठे थर या भूमीत नाहीत. तरीही येथील जुन्या बांधकामांत चुना मुबलक वापरलेला दिसतो. हा चुना कसा मिळविला जाई आणि त्याचा वापर मागे का पडला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्थानिक चुना :
भीमा, घोड व मुळा-मुठा या नद्यांच्या गाळात चुनखडीचे खडे आढळतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने अशी जमीन त्रासदायकच. तीत उसाची पाने पिवळी पडतात. गवंड्याच्या दृष्टीने मात्र हेच खडे मोलाचे होते. ते वेचून भट्टीत भाजण्याचे काम प्रामुख्याने लोणारी समाज करीत असे. सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानात खड्यांतील कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कळीचा चुना उरतो. तो विरवून वाळूसह बैलाच्या घाणीत मळला जाई. या चुनखडीत मातीचा अंश असल्याने तिचा चुना ओलाव्यातही घट्ट होतो. त्यामुळे विहिरी व बंधारे यांसाठी तो विशेष उपयुक्त ठरला.

दौंड तालुक्यातील यवतजवळचे भुलेश्वर मंदिर (ता. पुरंदर) या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्याचा यादवकालीन भाग घडीव दगड एकमेकांत बसवून रचलेला आहे, तर नंतरच्या काळातील शिखराचे काम विटा व चुन्याचे आहे. एकाच वास्तूत बांधकामाच्या दोन परंपरा येथे शेजारी पाहावयास मिळतात.

रेल्वे आणि परिवर्तन :
१८५८ मध्ये पुण्याहून दौंडमार्गे दिक्सळपर्यंत आणि १८७१ मध्ये रायचूरपर्यंत लोहमार्ग पोहोचला. याच मार्गावरील शहाबादची फरशी हीसुद्धा चुनखडकाचीच. घरातील जमीन, ओटे, अंगण व बागेतील पायवाटा यांसाठी ती सर्वत्र रूढ झाली. पुढे सिमेंट आले. त्याचाही मुख्य कच्चा माल चुनखडकच. महाराष्ट्रात त्याचे मोठे साठे चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत आहेत. अशा रीतीने चुनखडकाचा वापर वाढला, परंतु स्थानिक भट्ट्या विझल्या. सहकारी साखर कारखानदारीने चुन्याला नवे स्थान दिले. न्हावरे व पाटस येथे उभ्या राहिलेल्या कारखान्यांसारख्या उद्योगांत उसाचा रस निवळण्यासाठी चुना आवश्यक असतो. तथापि, त्यासाठी शुद्ध चुना लागतो. मातीमिश्रित खड्यांचा तेथे उपयोग नाही.

समारोप :
चुनखडी ही केवळ भूगर्भीय वस्तू नसून एका श्रमपरंपरेचा आधार होती. या परंपरेचा विसर आज जुन्या वास्तूंना भोवत आहे. चुन्यातील भिंत ओलावा बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा दिल्यास तो आत कोंडतो आणि विटा व मऊ दगड झिजू लागतात. म्हणून जीर्णोद्धार करताना मूळ चुन्याचे पृथक्करण करून त्याच जातीचा चुना वापरणे श्रेयस्कर ठरेल. त्यासाठी भट्टी व घाणी जाणणाऱ्या वृद्ध कारागिरांच्या माहितीचे संकलन महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांनी एकत्रितपणे, विनाविलंब हाती घेणे आवश्यक आहे.