थकव्याची मोजपट्टी

पुण्याच्या मंडईत १८८६पासून भाजीची ओझी उचलली जात आहेत. तिथला थकवा सगळ्यांच्या ओळखीचा: पाटी उतरली, रात्रभर झोप झाली, की पहाटे माणूस पुन्हा उभा.

महिनोन्‌महिने टिकणारा थकवा वेगळा. २००५मध्ये मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या सुमारे अडीच हजार बायकांची पाहणी प्रसिद्ध केली. जवळपास १२ टक्के जणींना किमान सहा महिने थकवा होता. त्याचा संबंध हिमोग्लोबिनशी दिसला नाही. गरिबी, नवऱ्याकडून होणारी हिंसा आणि मनःस्वास्थ्याशी दिसला. पण अशा एकवेळच्या पाहणीतून आधी काय आणि नंतर काय, हे कळत नाही. मन खचल्यामुळे थकवा आला, की थकव्याने मन खचलं? हा प्रश्न सोडून निष्कर्षाकडे धावणं म्हणजे त्या बायकांवर अन्यायच.

ब्रिटनमध्ये घडलं ते याहून गंभीर. तिथे ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ या दीर्घकाळ टिकणाऱ्या थकव्याच्या आजाराच्या ६४१ रुग्णांवर ‘पेस’ चाचणी झाली; तिचे निकाल २०११मध्ये आले. हळूहळू व्यायाम वाढवला की रुग्ण सुधारतो, असा दावा होता. प्रत्यक्षात ‘बरा झाला’ याची व्याख्याच वाटेत सैल केली होती. शारीरिक क्षमतेचे गुण ६५ किंवा कमी असले तरच चाचणीत प्रवेश. आणि ६० गुण मिळाले तरी त्या निकषावर ‘बरा’! म्हणजे प्रकृती ढासळूनही माणूस बरा ठरू शकत होता. हे रुग्णांनीच चिकाटीने दाखवून दिलं. २०१६मध्ये न्यायाधिकरणाने आकडे खुले करायला लावले. २०२१मध्ये उपचारांच्या मार्गदर्शिका ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने ठरावीक पायऱ्यांनी व्यायाम वाढवण्याचा उपचार या आजाराच्या मार्गदर्शिकेतून काढून टाकला.