हरित वसई ते २९ गावे : निर्मळ परिसरातील नागरीकरण-विरोधाचा इतिहास

प्रस्तावना

महानगरांच्या वाढीचा इतिहास बहुधा शहराच्या बाजूने लिहिला जातो. ज्या गावांवर ती वाढ येऊन आदळते, त्यांचे म्हणणे 'विकासविरोध' या एका शब्दात गुंडाळले जाते. प्रस्तुत निबंधात वसईच्या पश्चिम पट्ट्यातील, विशेषतः निर्मळ परिसरातील विरोधाचे स्वरूप तपासले आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

१८६७ मध्ये विरार ते मुंबई लोकलसेवा सुरू झाली. रेल्वेमार्ग आणि समुद्र यांच्या दरम्यानचा पट्टा मात्र त्यानंतरही दीर्घकाळ केळी, नागवेल आणि फुलांच्या वाड्यांचाच राहिला. शंकराचार्य मंदिर, कार्तिकी यात्रा व होली क्रॉस चर्च यांमुळे निर्मळ हे हिंदू व ख्रिस्ती या दोन्ही समाजांचे श्रद्धास्थान आहे. येथील शेती विहिरी व बावखलांवर उभी होती. बावखल म्हणजे वाडीत खोदलेले लहान तळे. त्यात साठलेले पावसाचे पाणी शिंपणाला उपयोगी पडे व जमिनीतही मुरे. किनाऱ्यालगत गोड्या पाण्याचा उपसा मर्यादेबाहेर गेला की खारे पाणी आत सरकते. त्यामुळे येथे लोकवस्तीच्या घनतेचा प्रश्न मुळात पाण्याचा प्रश्न ठरतो.

विरोधाचे दोन टप्पे

१९८८ मध्ये शासनाने वसईतील हरित क्षेत्र नागरीकरणास खुले केले. १९९० मध्ये सिडकोकडे नियोजन सोपविण्यात आले. या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने आंदोलन उभारले. बेसुमार बांधकाम आणि टँकरद्वारे होणारा पाणीउपसा हे त्याचे प्रमुख विषय होते.

दुसरा टप्पा प्रशासकीय होता. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. गावांनी तीव्र विरोध केला. त्याच वर्षी वसईतून विवेक पंडित अपक्ष आमदार म्हणून निवडून आले. २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला. परंतु प्रकरण अनेक वर्षे न्यायप्रविष्ट राहिले. २०२४ मध्ये शासनाने ही गावे महापालिकेत ठेवण्याचा मार्ग स्वीकारला. दिब्रिटो यांचे निधनही त्याच वर्षी जुलैमध्ये झाले.

मूल्यमापन

या विरोधावर एक आक्षेप गंभीर आहे. मुंबईत घर न परवडणाऱ्या कष्टकऱ्यांना नालासोपारा-विरारनेच आसरा दिला. २०११ च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. ही माणसे कोठे राहिली असती, याचे उत्तर वाडीवाल्यांनाही द्यावे लागते. तथापि, दाट वस्तीला विरोध आणि पाण्याविना, सांडपाण्याच्या सोयीविना येणाऱ्या वस्तीला विरोध, यांत फरक आहे. नव्या वसाहतींतील रहिवासीही त्याच टँकरवर अवलंबून राहिले, याची नोंद घेतली पाहिजे. त्या अर्थाने दोघांचे गाऱ्हाणे एकच होते. मात्र ते एका व्यासपीठावर क्वचितच आले.

समारोप

निर्मळ परिसराचा लढा सीमारेषेच्या वादात अडकला, हे त्याचे वैगुण्य होय. गाव ग्रामपंचायतीत असो वा महापालिकेत, बुजविलेले बावखल पाणी मुरवीत नाही. म्हणून किती माणसे सामावून घ्यायची, हे ठरविण्यापूर्वी भूमीची जलधारणक्षमता मोजली जावी, हीच या आंदोलनाची टिकाऊ शिकवण आहे.