ईस्टव्हिलचे दप्तर : एका ग्रामीण काउंटीतील खुल्या न्यायनोंदींचा इतिहास

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात चेसापीकचा उपसागर आणि अटलांटिक महासागर यांच्यामध्ये एक चिंचोळा भूभाग दक्षिणेकडे उतरत गेला आहे. त्याच्या टोकाशी नॉर्थॅम्प्टन नावाची काउंटी असून २०२० च्या जनगणनेत तिची लोकसंख्या सुमारे १२ हजार भरली. काउंटी म्हणजे राज्याच्या खालचा स्थानिक कारभाराचा विभाग. अधिकारांच्या दृष्टीने तिची तुलना भारतातील जिल्ह्याशी करता येते, मात्र या काउंटीत माणसे एखाद्या बाजारगावाएवढीच आहेत. शेती आणि मासेमारी यांवर पिढ्यानपिढ्या जगत आलेल्या या प्रदेशाचे मुख्य ठिकाण ईस्टव्हिल हे लहानसे गाव आहे आणि तेथील न्यायालयाच्या नोंदी १६३२ पासून सलग टिकून आहेत. अमेरिकेतील इंग्रजी परंपरेच्या काउंटी न्यायालयांत इतके जुने आणि अखंड दप्तर दुसरे नाही. अमुक माणसाला अटक झाली होती काय, त्याच्यावर आरोप कोणता होता आणि न्यायालयाने काय ठरवले, हे कोणाही नागरिकाला पाहता यावे, ही अपेक्षा आज साधी वाटते. परंतु ती कशी घडली आणि अशी नोंद नेमकी कोठे शोधावी लागते, हे समजून घेण्यासाठी या दप्तराइतके चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे.

या व्यवस्थेचे मूळ इंग्लंडमधील ‘शायर’ या प्रादेशिक विभागात आहे. शायरमधील राजाचा कारभारी तो ‘शायर-रीव’, आणि याच शब्दाचे झिजलेले रूप म्हणजे ‘शेरीफ’. मुंबईकरांना हा शब्द परका नाही, कारण इंग्रजी अमलातून आलेले शेरीफचे, म्हणजेच नगरपालाचे, पद मुंबईत मानाचे पद म्हणून टिकले. व्हर्जिनियातील शेरीफ मात्र समन्स बजावणारा, अटक करणारा आणि तुरुंग सांभाळणारा कार्यकारी अधिकारी राहिला. १६३४ मध्ये व्हर्जिनिया वसाहतीचे आठ शायर पाडण्यात आले, त्यांपैकी अ‍ॅकोमॅक हा एक होता. १६४३ मध्ये त्याला नॉर्थॅम्प्टन हे नाव मिळाले आणि पुढे १६६३ च्या सुमारास उत्तरेकडील भाग वेगळा होऊन त्याची अ‍ॅकोमॅक काउंटी झाली. प्रत्येक काउंटीच्या न्यायासनावर बसणारे ‘जस्टिस’ हे कायद्याचे शिक्षण घेतलेले न्यायाधीश नसून तेथलेच प्रतिष्ठित जमीनदार असत, आणि त्यांच्यासमोर जे घडे ते लिहून ठेवण्याचे काम न्यायालयाच्या लेखनिकाकडे, ज्याला तेथे ‘क्लार्क’ म्हणतात, असे. न्यायनिवाडा, करआकारणी, मृत्युपत्रे, जमिनीचे खरेदीखत, अनाथांचे पालकत्व, इतकेच नव्हे तर गुराढोरांच्या कानांवरील मालकीच्या खुणादेखील याच कचेरीत नोंदल्या जात. त्यामुळे लेखनिकाची वही ही सबंध वस्तीची स्मृती झाली.

न्यायालयाने दिलेले हुकूम ज्या वहीत क्रमाने उतरवले जात तिला ‘ऑर्डर बुक’, म्हणजे हुकूमवही, असे नाव आहे. १६३४ मधील एका नोंदीत दुसऱ्या स्त्रीची निंदा करणाऱ्या स्त्रीला होडीच्या मागे बांधून खाडीपार ओढत न्यावे किंवा तिने चर्चमध्ये भर उपासनेच्या वेळी क्षमा मागावी, असा हुकूम आढळतो. शिक्षा लोकांदेखत व्हायची आणि निवाडाही लोकांदेखत व्हायचा. न्यायालय भरण्याचा दिवस हा आसपासच्या वस्त्यांचा एकत्र जमण्याचा दिवस असे. नोंदी खुल्या असण्याचे तत्त्व पुढे कायद्यात आले खरे, पण त्याच्या आधीपासून हा व्यवहार रूढ होता, आणि जे सर्वांनी कानांनी ऐकले ते वहीत दडवून ठेवण्यात अर्थ नव्हता.

या वहीची किंमत एका कुटुंबाच्या इतिहासावरून स्पष्ट होते. अँथनी जॉन्सन हा १६२१ मध्ये ‘आंतोनियो’ या नावाने व्हर्जिनियात आणला गेलेला आफ्रिकी माणूस पुढे मुक्त झाला आणि १६५१ मध्ये त्याला नॉर्थॅम्प्टनमध्ये २५० एकर जमीन मिळाली. १६५३ मध्ये आगीने त्याचे नुकसान झाले तेव्हा न्यायालयाने त्याच्या पत्नीला आणि मुलींना करातून सूट दिली. त्यानंतर जॉन कॅसर या त्याच्याकडील कृष्णवर्णीय माणसाने आपण ठरावीक मुदतीचे चाकर असून ती मुदत केव्हाच संपली आहे असा दावा केला. परंतु १६५५ मध्ये न्यायालयाने कॅसरला जॉन्सनच्या स्वाधीन करण्याचा हुकूम दिला. गुलामगिरी कायद्याच्या पुस्तकात पूर्णपणे शिरण्यापूर्वी ती व्यवहारात कशी रुजत गेली, याचे इतके स्पष्ट दर्शन इतिहासकारांना घडले ते या ग्रामीण दप्तरामुळेच. जॉन्सन कुटुंबाची स्वतःची रोजनिशी नाही की पत्रव्यवहार नाही; न्यायालयाच्या लेखनिकाने जे टिपले त्यावरच त्यांचे चरित्र उभे आहे.

तथापि दप्तर राखणे म्हणजे न्याय करणे नव्हे, हेही याच नोंदी दाखवतात. १६९२ च्या कायद्याने गंभीर गुन्ह्यांचा आरोप असलेल्या गुलामांचे खटले काउंटीतच, ज्युरीशिवाय, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेल्या पंचमंडळाशिवाय, चालवण्याची सोय केली. १७९३ पासून मुक्त कृष्णवर्णीयांना लेखनिकाकडे आपली नोंदणी करणे भाग पडले आणि त्या नोंदवहीत त्यांच्या शरीरावरील खुणांपर्यंत वर्णन लिहिले गेले. पाळत ठेवण्यासाठी तयार झालेल्या याच वह्यांमध्ये आज वंशजांना आपल्या पूर्वजांची नावे सापडतात. दुसरीकडे, फेब्रुवारी १७६६ मध्ये याच काउंटीच्या न्यायालयाने ब्रिटिश संसदेचा मुद्रांक कायदा घटनाबाह्य असून तो व्हर्जिनियाच्या रहिवाशांवर बंधनकारक नाही, असा निर्णय आपल्या वहीत नोंदवला. सत्तेची आज्ञा आणि सत्तेला दिलेला नकार, दोन्ही एकाच दप्तरात आली.

जुन्या काळातील अटकेची नोंद शोधणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती म्हणजे खटला ज्या दर्जाचा, त्या दर्जाच्या कचेरीत त्याचे कागद असतात. वसाहतकाळात मुक्त माणसावर गंभीर गुन्ह्याचा आरोप आला, तर काउंटीचे न्यायालय केवळ प्राथमिक चौकशी करी आणि तथ्य आढळल्यास आरोपीला राजधानीतील ‘जनरल कोर्ट’ या वरिष्ठ न्यायालयाकडे पाठवी. त्या वरिष्ठ न्यायालयाचे दप्तर एप्रिल १८६५ मध्ये, यादवी युद्धाच्या अखेरीस रिचमंड शहराला लागलेल्या आगीत नष्ट झाले. अनेक काउंट्यांनी युद्धकाळात सुरक्षिततेसाठी आपल्या वह्या रिचमंडला हलवल्या होत्या, त्या तेथेच जळाल्या. किंग अँड क्वीन काउंटीचे न्यायालय १८६४ मध्ये सैन्याने पेटवले, बकिंगहॅमचे १८६९ मध्ये आणि अ‍ॅपोमॅटॉक्सचे १८९२ मध्ये जळाले. अशा ठिकाणी माणसाच्या अटकेचा किंवा सुटकेचा माग शोधण्यासाठी शेजारच्या काउंटीची दप्तरे, वर्तमानपत्रे आणि राज्याच्या लेखापालाकडे गेलेली शेरीफची देयके धुंडाळावी लागतात, कारण कैद्याला नेण्या-ठेवण्याचा खर्च सरकारकडे मागताना त्याचे नाव लिहावे लागे. उपसागराने तोडलेल्या नॉर्थॅम्प्टनचे दप्तर मात्र या सर्व आगींपासून वाचले.

जुन्या वह्या वाचण्याचेही एक तंत्र आहे. सतराव्या शतकातील लेखनिकांचे वळण आजच्या इंग्रजी वाचकाला तितकेच अवघड जाते, जितकी आजच्या मराठी वाचकाला मोडी. शिवाय १७५२ पर्यंत तेथे नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्यामुळे वहीत जानेवारी १६३२ असे लिहिलेले असले, तरी आजच्या गणनेने ते १६३३ असते. हे न कळल्यास गुन्ह्याआधीच शिक्षा झाल्याचा भास होतो. फौजदारी खटल्यात फिर्यादी राज्य असल्याने वहीच्या सूचीत तो आरोपीच्या नावाखाली न सापडता ‘कॉमनवेल्थ’, म्हणजे राज्य, या शब्दाखाली सापडण्याची शक्यता असते. हुकूमवहीत केवळ निकालाच्या चार ओळी असतात. साक्षी, वॉरंट आणि जामिनाचे कागद निकाली प्रकरणांच्या सुट्या गठ्ठ्यांत बांधलेले असतात, आणि खरी हकीकत बहुधा त्या गठ्ठ्यांतच दडलेली असते. नॉर्थॅम्प्टनच्या १६३२ ते १६४० या काळातील वह्यांचे संपादन करून सूझी एम्स या विदुषीने त्या १९५४ मध्ये प्रसिद्ध केल्या, तेव्हा या दप्तराचे दार अभ्यासकांसाठी खऱ्या अर्थाने उघडले.

आजची रचना विसाव्या शतकातील आहे. जुनी काउंटी न्यायालये १९०४ मध्ये संपुष्टात आली आणि त्यांचे काम ‘सर्किट कोर्ट’कडे गेले, १९७३ मध्ये किरकोळ गुन्हे व प्राथमिक सुनावणी यांसाठी ‘जनरल डिस्ट्रिक्ट कोर्ट’ स्थापन झाले. त्यामुळे नुकत्याच झालेल्या अटकेची माहिती शेरीफच्या कचेरीत किंवा तुरुंगाच्या नोंदवहीत, किरकोळ गुन्ह्याची फाइल डिस्ट्रिक्ट कोर्टात, तर गंभीर गुन्ह्याच्या खटल्याची फाइल सर्किट कोर्टाच्या लेखनिकाकडे शोधावी लागते. यांतील सर्किट कोर्टाचा लेखनिक हा लोकांनी आठ वर्षांसाठी निवडून दिलेला अधिकारी असतो. सर्किट कोर्टाचे दप्तर साधारणपणे अधिक काळ जपले जाते, तर डिस्ट्रिक्ट कोर्टाचे कागद बहुधा दहा वर्षांनंतर नष्ट करता येतात. म्हणून जुना किरकोळ खटला सापडत नाही, एवढ्यावरून तो घडलाच नाही असे म्हणता येत नाही. अल्पवयीनांचे खटले सहसा स्वतंत्र न्यायालयात चालतात आणि ते बहुधा सर्वांसाठी खुले नसतात.

खुलेपणाचे हे तत्त्व विसाव्या शतकात कायद्याने पक्के झाले. व्हर्जिनियाचा माहिती स्वातंत्र्याचा कायदा १९६८ चा आहे, आणि त्यानुसार अटक झालेल्या प्रौढ व्यक्तीची ओळख व तिच्यावरील आरोपाची स्थिती पोलिसांना सांगावी लागते. व्हर्जिनियातीलच हॅनोव्हर काउंटीत १९७८ मध्ये एका खुनाच्या खटल्याच्या वेळी न्यायाधीशाने प्रेक्षकांना व वार्ताहरांना बाहेर काढले. ते प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८० मध्ये त्या न्यायालयाने फौजदारी खटल्याला हजर राहणे हा जनतेचा घटनात्मक हक्क असल्याचा निर्वाळा दिला. अटक गुप्त राहिली तर माणूस नाहीसा करता येतो आणि निकाल गुप्त राहिला तर न्याय विकता येतो. खुली नोंद म्हणजे आरोपीचेच पहिले संरक्षण आहे, हा या निर्णयामागचा जुना इंग्रजी विचार होता.

संगणकाच्या युगात या विचारापुढे नवा प्रश्न उभा राहिला आहे. पूर्वी नोंद खुली होती, पण ती पाहण्यासाठी ईस्टव्हिलपर्यंत जावे लागे, वही मागावी लागे आणि लेखनिकासमोर बसून पाने उलटावी लागत. या श्रमांमुळे विनाकारण डोकावणारा आपोआप दूर राही. आज अटकेचे छायाचित्र क्षणात जगभर पसरते आणि पुढे निर्दोष सुटल्याची बातमी मात्र त्याच्यामागे पोहोचत नाही. अशी छायाचित्रे गोळा करून ती काढून टाकण्यासाठी पैसे उकळणाऱ्यांवर अनेक राज्यांनी बंदी घातली, आणि व्हर्जिनियाने २०२१ मध्ये काही प्रकारच्या जुन्या नोंदी मोहोरबंद करण्याचा, म्हणजे सर्वसामान्यांच्या नजरेआड ठेवण्याचा, कायदा संमत केला.

अटक म्हणजे आरोप, दोष नव्हे. म्हणून निकालाचा कागद पाहिल्यावाचून अटकेच्या नोंदीवरून कोणाविषयी मत बनवणे हा त्या माणसावर आणि त्या दप्तरावरही अन्याय आहे. कॅसरचा दावा फेटाळणाऱ्या न्यायालयाच्याच लेखनिकाने तो दावा शब्दांत उतरवून ठेवला, आणि त्यामुळे साडेतीनशेहून अधिक वर्षांनंतरही त्या निकालाचा अन्याय दाखवून देता येतो. नोंद खुली ठेवण्याचे याहून मोठे समर्थन नाही, आणि ती जबाबदारीने वाचण्याची सक्ती करणारे याहून बळकट कारणही नाही.