शेळीचं देणं

वर्ष 1889 धरा. गाव पालम, राज्य निजामाचं, कनवटीला हाली सिक्का. पोळा होऊन चार दिवस झालेत. खांदेमळणीची हळद बैलांच्या मानेवर अजून दिसते आहे, आणि तुम्ही उभे आहात त्या गोठ्यात लाल कंधारी जोडीतल्या एका बैलाने रवंथ करणं थांबवलं आहे.

कानाला हात लावा, तापलेत. डोळ्यांतून पाणी वाहतंय, नाकातून शेंबूड. जबडा उघडून बघा: हिरड्यांवर कोंडा शिंपडल्यासारखे करडे ठिपके. उद्या-परवा हगवण लागेल, घाण वासाची, रक्त मिसळलेली. आठवडाभरात बैल आडवा होईल, आणि बहुधा उठणार नाही. मालकाने नाव उच्चारायचं टाळलंय, पण गोठ्यातल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे. बुळकांडी.

पोळ्याला ज्याला जेवणाचं आवतण दिलं, तोच बैल चार दिवसांनी वैरणीला तोंड लावत नाही. त्या माणसाचं पुढचं गणित तुम्हाला त्याच्या चेहऱ्यावर वाचता येतं. काळ्या रानात रब्बीची ज्वारी पेरायची तर वाफ जायच्या आत तिफण चालली पाहिजे. जोडी गेली की पेरा गेला. पेरा गेला की दाणा आणि कडबा दोन्ही गेले, मग वाचलेल्या जनावरांनाही वैरण नाही. रोग बैलांचा असला तरी उपास माणसांच्या वाट्याला येतो. शेजारच्या मुलखात माळेगावला खंडोबाची जत्रा भरते, लांबलांबून जनावरं येतात, एका पाणवठ्यावर पितात आणि परतताना रोग बरोबर नेतात. मरीआईला नारळ फुटतो, वेशीवर पहारा बसतो. तोवर गावाबाहेर गिधाडं उतरलेली असतात.

पण जाण्याआधी कोपऱ्यात बघा. एक म्हातारा बैल निवांत बसून रवंथ करतो आहे. आजारी जनावराची लाळ पडलेला कडबा तोही खातो आहे. तुम्ही विचारता, याला नाही का झाला?

"त्याला काई होत नसतंय, पाव्हणं. एकडाव उठलेलं जनावर हाय ते."

पुढच्या शंभर वर्षांत प्रयोगशाळांनी जे केलं त्याचा पाया या एका वाक्यात आहे. बुळकांडीतून वाचलेल्या जनावराला ती पुन्हा होत नाही, जन्मभर नाही. हे शेतकऱ्याने कुणाकडून शिकलेलं नव्हतं. त्या बैलाच्या रक्तात काय उरलं आहे आणि ते दुसऱ्या बैलाला मरणाच्या दारात न नेता कसं देता येईल, एवढाच प्रश्न बाकी होता.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्याला या. सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली आहे. तिचे पहिले प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड. तुम्ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावता, पण ज्याला शोधायचं तो त्या भिंगातून दिसणाराच नाही. बुळकांडीचं कारण जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार होतं, हे 1902 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला निकोल आणि आदिल बे दाखवतील. तोवर इतका फैलावणारा रोग पुण्यासारख्या वस्तीत, गुराढोरांच्या मुलखात हाताळणं धोक्याचं ठरतं, आणि 1893 मध्ये प्रयोगशाळा कुमाऊंच्या डोंगरात, सात हजार फुटांवर मुक्तेश्वरला जाते. 1897 मध्ये खुद्द रॉबर्ट कॉख तिथे येऊन जातो.

तिथून पुढची पंचवीस-तीस वर्षं भरभर ओलांडा. उठलेल्या जनावराचं रक्त घ्यायचं, ते साकळू द्यायचं, वर सुटलेला पिवळसर रस म्हणजे सिरम, ते निरोगी जनावराला टोचायचं. त्याने संरक्षण मिळतं, पण काही आठवड्यांचंच. उसनी ताकद अंगात टिकत नाही. शरीराने स्वतः लढून मिळवलेलीच टिकते. म्हणून मग एका अंगाला सिरम आणि दुसऱ्या अंगाला रोगाचं जिवंत रक्त, असं एकाच वेळी टोचायला लागले. हे टिकतं. पण ते म्हणजे रोगच हाताने गोठ्यात नेणं. शिवाय त्या रक्ताबरोबर गोचीडतापाचे परजीवीही दुसऱ्या जनावरात उतरतात.

आता थांबा. 1920 नंतरचं दशक, मुक्तेश्वर, थंडीने बोटं बधिर झालेली. जे. टी. एडवर्ड्स यांच्या प्रयोगशाळेत शेळ्या बांधल्या आहेत. शेळ्या कशाला? त्या परजीवींपासून सुटका व्हावी म्हणून. बैलांचे परजीवी शेळीत तगत नाहीत, विषाणू मात्र तगतो. एका शेळीला ताप चढतो, तिचं रक्त दुसरीला, दुसरीचं तिसरीला. शेकडो वेळा. तुम्ही इथे महिनोन्‌महिने उभे राहिलात तरी दिसेल ते एवढंच: सुई, शेळी, थर्मामीटर, नोंदवही.

आणि मग, ज्यासाठी हे आरंभलंच नव्हतं ते घडलेलं ध्यानात येतं. शेळ्यांच्या अंगातून फिरता फिरता विषाणू बदलला आहे. तो बैलाला टोचला तर ताप येतो, थोडा मलूलपणा येतो आणि बैल उठतो. पालमच्या त्या म्हाताऱ्या बैलाला मरणाशी झुंजून जे मिळालं, ते या बैलाला दोन-चार दिवसांच्या तापात मिळालं. पुढे शेळीची प्लीहा वाटून, वाळवून लस तयार होऊ लागली. माझ्या मते भारतीय शेतीच्या इतिहासातल्या मोजक्या मोठ्या क्षणांपैकी हा एक, आणि तो ज्यांच्या जिवावर घडला त्या शेळ्यांची आठवण कुणी काढत नाही.

पालमला परत या. 1954. देशभर बुळकांडी निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला आहे. निजामाची सत्ता गेली, हैदराबाद राज्य अजून आहे; दोन वर्षांनी मराठवाडा मुंबई राज्यात जाईल, 1960 ला महाराष्ट्रात. लस उन्हात मरते, म्हणून बर्फ मिळवून ती वितळण्याआधी गाव गाठायचं. हुशार बायाबापड्या विचारतात, चांगल्या जनावराला ताप कशाला आणता? पुढे वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवलेली, वॉल्टर प्लोराइट यांची सौम्य लस येते. 1972 मध्ये परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय उभं राहतं, आणि जनावरांचा डॉक्टर होण्यासाठी इथल्या पोरांना मुंबई-नागपूर गाठावं लागत नाही.

1995 मध्ये भारतातला शेवटचा उद्रेक होतो, तमिळनाडूत. यानंतरचं काम मला सगळ्यात धाडसाचं वाटतं: लस बंद करणं. कारण रक्तातली प्रतिपिंडं लसीने आली की रोगाने, हे तपासणीत वेगळं सांगता येत नव्हतं. रोग गेला हे सिद्ध करायचं तर लसीशिवाय जन्मलेली जनावरं हवीत. ज्या शेतकऱ्यांना चाळीस वर्षं टोचून घ्या म्हणून विनवलं, त्यांनाच आता टोचू नका म्हणायचं.

अशा एका दोन वर्षांच्या कालवडीच्या मानेची शीर दाबून धरा. रक्त नळीत येतं, सिरम सुटतं, प्रयोगशाळेत छोट्या खळग्यांच्या तबकडीत पडतं. या चाचणीत प्रतिपिंडं असली तर रंग दबतो, नसली तर पुरा चढतो. खळगा रंगाने भरला. या कालवडीच्या शरीराला बुळकांडी माहीतच नाही. असे नमुने देशभरातून तपासले गेले, तेव्हा 2006 मध्ये भारत बुळकांडीच्या संसर्गापासून मुक्त ठरला आणि 2011 मध्ये सगळं जग. माणसाची देवी संपल्याचं 1980 ला जाहीर झालं; त्यानंतर माणसाने पृथ्वीवरून घालवलेला हा दुसरा रोग.

2022 च्या पावसाळ्यात तुम्ही पुन्हा पालमच्या गोठ्यात आहात. गायीच्या अंगावर गाठी, बैलबाजार बंद. लम्पी. डॉक्टरांच्या बर्फपेटीत लस आहे ती शेळ्यांच्या देवीची. दोन्ही विषाणू इतके जवळचे, की एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यालाही ओळखते. पुन्हा शेळीनेच गायीला हात दिला.

आणि शेळीला? बुळकांडीचा भाऊबंद असलेला शेळ्यांचा रोग, पीपीआर, 1987 मध्ये भारतात पहिल्यांदा नोंदला गेला. तोच ताप, तोंडात तशाच जखमा, तशीच हगवण, वर न्यूमोनिया. करडं पटापट जातात, आणि जातात ती बहुतेक भूमिहीन घरातल्या बाईची. तिच्या दारातल्या दोन उस्मानाबादी शेळ्या हीच तिची बँक. याची लस मुक्तेश्वरलाच तयार झाली आहे, सुंग्री 96 नावाच्या विषाणूपासून. एकदा टोचली की किमान तीन वर्षं पुरते. 2030 पर्यंत जगातून पीपीआर घालवायचा असं ठरलं आहे. बुळकांडी गेली ती बैल दावणीला होते आणि मालकाचा आवाज मोठा होता म्हणूनही. शेळीवालीचा आवाज तेवढा पोचत नाही. म्हणून पालमच्या वाडी-तांड्यांवर शेळ्या चरायला सुटण्याआधी, भल्या पहाटे बर्फपेटी पोचली पाहिजे, आणि तीन महिन्यांवरचं एकही करडू टोचायचं राहता कामा नये.