नाणेघाटातील अंक आणि इतिहासाच्या अध्ययनाची रीत

नाणेघाटातील शिलालेखात प्राचीन अंकचिन्हे आढळतात, हे वाक्य जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यास बहुधा पाठ असते. त्यावर एक गुणही मिळतो. मात्र त्या लेखात २४४०० ही संख्या कशी कोरली आहे, असे विचारल्यास उत्तर क्वचितच येते. शून्याचा शोधही नाणेघाटातच लागला, असे सांगणारेही भेटतात. प्रस्तुत लेखात या एका शिलालेखाच्या वाचनाचा इतिहास अध्ययनपद्धतीच्या दृष्टीने पाहावयाचा आहे.

जुन्नरपासून सुमारे ३० किलोमीटरवर, घाटमाथ्यावरील लेण्याच्या भिंतींवर हा सातवाहनकालीन ब्राह्मी लेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या दक्षिणेची त्यात मोजदाद असून गायी, हत्ती, घोडे व कार्षापण यांच्या संख्या येतात. मागील भिंतीवर राजपरिवाराचे पुतळे होते. आज त्यांची केवळ पावले व वरची नावे उरली आहेत. लेखाचा बराच भाग झिजला असल्याने नागनिका राणीची ओळख पटविताना या नावांचाच आधार घ्यावा लागतो. 'नागनिकेचा लेख' या पाठ केलेल्या दोन शब्दांमागे एवढे अनुमान दडलेले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात साइक्स आदींनी जुन्नर परिसरातील लेखांच्या नकला केल्या. लिपी समजलेली नसता, दिसेल तसे उतरवून घेतलेले हे काम होते. अर्थ ठाऊक नसला की दगडावरील भेग कोणती व अक्षराची रेघ कोणती, हे नकलकारास ठरविता येत नाही. घोकंपट्टीचे स्वरूप याहून फारसे निराळे नसते. १८३७ च्या सुमारास प्रिन्सेप यांनी ब्राह्मीचा उलगडा केल्यावर स्टीव्हन्सन, भाऊ दाजी लाड यांनी लेण्यांतील अंकांकडे लक्ष दिले. भाऊ दाजींच्या हाताखाली तयार झालेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८७६ मध्ये नाणेघाटातील अंकांवर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला.

जुनागढात वाढलेल्या भगवानलालांनी ब्राह्मी आत्मसात केली ती गिरनारच्या शिलालेखाच्या सान्निध्यात. पुढेही स्थळी जाऊन पाहणे, ठसा घेणे आणि एकाच चिन्हाचे निरनिराळ्या लेखांतील रूप ताडून पाहणे हा त्यांचा क्रम राहिला. नाशिकच्या उषवदाताच्या लेखात 'सहस्रानि त्रीणि' असे शब्द आहेत व लगेच अंकचिन्हही आहे. शब्द आणि चिन्ह शेजारी असले की किल्ली हाती येते. मग तीच किल्ली दुसऱ्या कुलपास लावून पाहता येते.

नाणेघाटाच्या लेखात हजारासाठी व शंभरासाठी स्वतंत्र चिन्हे आहेत. शंभराच्या चिन्हास सात जोडला की सातशे होतात. त्यामुळे २४४०० लिहिताना वीस हजार, चार हजार व चारशे अशी तीनच जोडचिन्हे येतात. आपण पाच अंक लिहितो व त्यांत दोन शून्ये असतात. तेथे शून्याची गरजच पडत नाही, कारण स्थानमूल्य नाही. हे ज्याने एकदा स्वतः मांडून पाहिले, तो शून्याचा शोध नाणेघाटात लागला असे लिहिणार नाही. मानमोडी येथील अमात्य अयमाच्या लेखातील ४६ हे वर्षही चाळीस आणि सहा अशा दोन चिन्हांनीच दाखविले आहे. विद्यार्थ्यास ते जुन्नर गावालगतच ताडून पाहता येईल.

पाठांतर सर्वस्वी त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. जुन्या शाळांतील पावकी, निमकी, औटकी मुखोद्गत असणाऱ्यास हिशेब करणे सोपे जाई, आणि ब्राह्मीची अक्षरे ध्यानात नसतील तर लेखापुढे उभे राहूनही उपयोग नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. आमच्या प्रश्नपत्रिका बहुधा अक्षरांपाशीच थांबतात, हा दोष विद्यार्थ्यांचा नसून आपला आहे. क्षेत्रभेटीही अनेकदा समूहछायाचित्रापुरत्याच उरतात. त्याऐवजी लेखाचा ठसा वर्गात देऊन ६००१ ही संख्या शोधावयास सांगावी. एक तास पुरतो.

भगवानलालांचे सर्वच निष्कर्ष मात्र टिकले नाहीत. ही अंकचिन्हे मुळात अक्षरेच होत, हे त्यांचे मत पुढील संशोधकांनी सरसकट मान्य केले नाही. त्यांनी निश्चित केलेली संख्यामूल्ये तेवढी बहुतांशी कायम राहिली. वर्गात हा लेख शिकविताना ही बाजूही सांगावयास हवी.