स्टोक रोची विहीर

इंग्लंडमधले खेडे म्हटले की हिरवी कुरणे आणि रिपरिप पाऊस डोळ्यांपुढे येतो. तिथे पाण्याचे दुर्भिक्ष असेल असे वाटतच नाही. पण ऑक्सफर्डशायरमध्ये चिल्टर्न टेकड्यांवर वसलेले स्टोक रो हे चिमुकले गाव पाण्याला महाग होते. खाली खडूचा सच्छिद्र थर. पडलेला पाऊस झिरपून खोल जायचा. खड्ड्यांत, डबक्यांत साठेल त्यावर लोक भागवीत.

लेकीकडे रेडिंगला होतो तेव्हा हे गाव पाहिले. गारगोटीच्या दगडांचे १८४६ सालचे चर्च, विटांची घरे, आणि रस्त्यालगत एकदम आपल्या धाटणीचा घुमट! घुमटाखाली विहीर, रहाटावर सोनेरी हत्ती. विहिरीचे दाते? साक्षात काशीनरेश, ईश्वरीप्रसाद नारायण सिंह!

त्याचे असे झाले. एडवर्ड रीड हा जवळच्याच इप्सडेनचा, कंपनी सरकारचा अधिकारी. १८३१ मध्ये त्याने आझमगढला विहीर खोदवायला मदत केली होती. आपल्या मुलखातली पाण्याची दैना त्याने महाराजांना सांगितली. घरातले शेवटचे पाणी प्यायला म्हणून एका पोराला आईने मारले, ही हकीकतही सांगितली. रीड १८६० साली मायदेशी परतला. महाराज मात्र ते पोर विसरले नव्हते. त्यांनी विहिरीसाठी पैसे दिले.

मार्च १८६३ मध्ये काम सुरू झाले. रुंदी अवघी चार फूट आणि खोली ३६८ फूट, सगळी हातांनी खणलेली! आपल्याकडे पन्नास फुटांची विहीर खोल म्हणतात. २४ मे १८६४ रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, ती खुली झाली. एक बादली वर यायला दहाएक मिनिटे लागत. राखणदाराला टुमदार घर बांधले आणि देखभालीच्या खर्चासाठी चेरीची बाग लावली. तिचे नाव 'ईश्री बाग'.

सत्तावन्नचा उठाव होऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. महाराज त्यात इंग्रजांच्या बाजूचे, म्हणून या दानात कुणाला राजकारण दिसेल. शिवाय राजाच्या दानात रयतेचा घाम असतोच. हे सारे खरे. तरी वर्गात आम्ही इंग्रजांनी काय दिले नि काय नेले याचे दोन रकाने फळ्यावर आखत असू, त्यांतल्या एकातही ही विहीर बसत नाही. एका तहानलेल्या पोराची गोष्ट राजाच्या मनात राहिली, एवढेच मला तिच्यात दिसते. आणि त्या आईला दुष्ट कसे म्हणावे? मैलभरावरून हंडा आणणाऱ्या आपल्या बायकांना ती लगेच कळेल.

पुढे नळ आले, विहिरीचे काम संपले. १९६४ साली शताब्दीला राणीचे यजमान प्रिन्स फिलिप आले, गंगेचे पाणी विहिरीत ओतले गेले. आज पाणी कुणी काढत नाही, पण घुमट, हत्ती, बाग सारे जपले आहे.

आपल्याकडे नळ आले की विहिरीत पहिल्यांदा निर्माल्य पडते, मग कचरा, मग एक दिवस ती बुजते. असो. तुमच्या गावच्या विहिरीचे काय झाले, ते जरूर कळवा.